गेम बॉयची खाण, मामाचं सोयाबीन

हातात मावणाऱ्या जुन्या व्हिडिओ गेमवर बिटकॉइन 'खणता' येतो? येतो की! फक्त थोडं थांबावं लागतं. किती, याचा हिशेब मांडताना मला थेट लोणारचं विवर आठवलं...

मार्च २०२१. बिटकॉइन पन्नास हजार डॉलरच्या वर गेलेला, ग्राफिक्स कार्डं बाजारातून गायब आणि 'मायनिंग' हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी. अशा गरमागरम वातावरणात थॉमस रोथ या जर्मन सिक्युरिटी रिसर्चरनं काय करावं? 'स्टॅकस्मॅशिंग' या नावानं व्हिडिओ टाकणाऱ्या या पठ्ठ्यानं कपाटातून निन्टेन्डोचा गेम बॉय काढला, त्याला एक केबल जोडली आणि त्या करड्या डबड्यावर चक्क बिटकॉइनचं मायनिंग सुरू केलं. बॉस, गेम बॉय! ज्यावर आख्ख्या जगानं टेट्रिसच्या विटा रचल्या, तो.

बरं, हा गडी काही हवेत गोळीबार करणारा नव्हे. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०२०मध्ये निन्टेन्डोनं 'गेम अँड वॉच' नव्यानं बाजारात आणला, तर यानं तोही उघडून त्याच्या आत हवं ते चालवून दाखवलं होतं. गेम बॉयचा फंडा असा होता की, त्याला स्वतःहून नेटवर जाता येत नाही. पण दोन मित्रांनी दोन गेम बॉय एकमेकांना जोडून खेळावं म्हणून त्याला एका बाजूला केबलची खाच दिलेली आहे. रोथनं त्या खाचेतून गेम बॉयची गाठ रास्पबेरी पाय पिको या चार डॉलरच्या इवल्याशा बोर्डाशी घातली. पिकोचं दुसरं टोक कॉम्प्युटरला. आता गेम बॉय बोलतो पाच व्होल्टवर आणि पिको ३.३ व्होल्टवर, त्यामुळे मध्ये एक दुभाषी सर्किट बसवावं लागलं. कॉम्प्युटर नेटवरून काम आणणार, पिको ते केबलमधून आत सोडणार आणि खरी आकडेमोड करणार तो आपला गेम बॉयच. चीटिंग नाही!

स्पीड? सेकंदाला ०.८ हॅश. हॅश म्हणजे काय ते पुढे मामाला सांगताना येईलच, आत्ता एवढंच धरून चला की तो मायनिंगचा एक प्रयत्न असतो. म्हणजे गेम बॉय एका सेकंदात एक प्रयत्नही धड पुरा करत नाही. त्याच काळात बाजारात असलेली खास मायनिंगची मशीन सेकंदाला सुमारे १०० टेराहॅश मारायची, म्हणजे १ वर १४ शून्यं. गेम बॉयच्या १२५ लाख कोटी पट.

वाळलेल्या तंत्रज्ञानाची कमाल

गेम बॉयची टिंगल करण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तो १९८९ साली जपानमध्ये आला, तेव्हाही तो काही लेटेस्ट नव्हता. आठ बिटांचा प्रोसेसर, वेग ४.१९ मेगाहर्ट्झ, मेमरी फक्त ८ किलोबाइट, रंगीत स्क्रीन नाही, स्क्रीनच्या मागे दिवा नाही. हे सगळं मुद्दाम केलेलं होतं. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांचं म्हणणंच असं की, स्वस्त झालेलं, सगळ्यांना कळलेलं, जुनं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा भलताच उपयोग करून दाखवा. योकोईंना हातातल्या गेमची आयडिया सुचली, ती म्हणे ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटरची बटणं दाबत टाइमपास करणाऱ्या एका ऑफिसवाल्याला बघून. (बघा, आपली जमात कुठेतरी कामाला आली!) त्या वेळचे रंगीत स्क्रीनवाले स्पर्धक सहा सहा सेल खाऊन लवकर माना टाकायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर किती तरी जास्त वेळ टिकायचा. पुढचा रंगीत अवतार धरून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकला गेला तो.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी असली गेम बॉय हातात धरलाय? आमच्याकडे तरी नव्हता. आमच्याकडे होता ब्रिक गेम! उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला जाताना खामगावला एसटी बदलायची, तिथे स्टँडजवळच्या दुकानात टांगलेला असायचा. वर दिमाखात लिहिलेलं, '९९९९ इन वन'. त्यातले मोजके खरे गेम सोडले तर बाकी सगळे तेच, फक्त वेग वाढवलेले. मोठ्ठा आकडा दाखवून माल खपवायचा फंडा मला तेव्हाच कळायला हवा, एवढा तो उघड होता. हा आकडा मला पुन्हा आठवला तो थेट गेल्या दिवाळीत, मामाच्याच ओसरीवर.

"झोपलो तरी पैसा वाढते"

मामाचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, मेहकरहून लोणारकडे जाताना लागतं. शेती कोरडवाहू, मेन पीक सोयाबीन. फराळ झाला, चहा झाला आणि मामानं हळूच मोबाइल पुढे केला.

"मले एक सांग पोरी, हे मायनिंग म्हंजे नेमकं काय राह्यते?"

मी चाटच पडले. गेम बॉयवरच्या याच लेखासाठी मी तेव्हा डोकं खाजवत होते आणि इथे मामा मला मायनिंगचं विचारतोय! मोबाइलवर एक ॲप होतं. काळी स्क्रीन, मध्ये सोनेरी नाणं गरगर फिरतंय, खाली आकडा सेकंदासेकंदाला वाढतोय. रोज तीन टक्के.

"आपल्याच मोबाइलवर चालू हाये. रात्री बी चालते. झोपलो तरी पैसा वाढते. म्या दहा हजार लावले. आता सोयाबीनचे साठ हजार आले नं, थे बी लावा म्हनते पोट्टा."

पोट्टा म्हणजे गावातलाच एक मुलगा, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानं गावातल्या अकरा जणांना जोडलं होतं. माणूस जोडला की कमिशन.

आता मामाला 'हे सगळं बोगस आहे' असं तोंडावर सांगणं सोपं होतं. पण मामाचा प्रश्न तो नव्हताच. त्याचा प्रश्न होता, मायनिंग म्हणजे काय. आणि माझ्या मते अशा स्कीमा चालतात त्या याच प्रश्नावर, कारण विचारणाऱ्याला धड उत्तर कुणीच देत नाही. मग बसले मी समजवायला.

"मामा, गिरणी बघा. ज्वारी टाकली की पीठ पडतं. पिठावरून परत दाणे होत नाहीत. हॅश म्हणजे अशी गिरणी, फक्त धान्याच्या जागी अक्षरं." माझ्या फोनवर हॅश काढून दाखवायची सोय होती. त्यात 'खामगाव' टाइप केलं. ६४ अक्षरांची एक ओळ आली. मग वर एक अनुस्वार देऊन 'खामगांव' केलं. आख्खी ओळ बदलली, कशाचा कशाला मेळ नाही.

"एका टिंबानं?"

"एका टिंबानं. आता पैज अशी आहे की, ज्याच्या पिठात सुरुवातीला अमुक इतकी शून्यं येतील, त्याला बक्षीस. कुठले दाणे टाकले की शून्यं येतात ते आधी कुणालाच कळत नाही. मग करायचं काय? दाणे बदलत राहायचं, दळत राहायचं."

मायनिंग ते एवढंच. जानेवारी २००९मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या माणसानं (किंवा माणसांनी, कुणास ठाऊक) बिटकॉइन सुरू केलं तेव्हा साध्या कॉम्प्युटरवर हे दळण जमायचं आणि बक्षीस होतं ५० बिटकॉइन. बक्षीस दर चार वर्षांच्या आसपास निम्मं होतं. एप्रिल २०२४पासून ते ३.१२५वर आलंय. साधारण दहा मिनिटांनी जगात कुणाला तरी एकालाच ते लागतं. गिरण्या वाढल्या की दर २०१६ ब्लॉकनंतर पैज आपोआप अवघड होते, म्हणजे दहा मिनिटं ती दहाच राहतात. त्यामुळे 'जास्त लोकांनी मायनिंग केलं की सगळ्यांना जास्त मिळेल' हे जे मामाला सांगितलेलं होतं, ते बरोब्बर उलटं आहे. वाटेकरी वाढतात, ताट तेवढंच.

उल्का पडली त्या दिवसापासून...

"मंग माह्या मोबाइलवर किती दळन होते?"

इथे मला गेम बॉय कामाला आला. मामाला म्हटलं, मोबाइलचं सोडा, आधी या डबड्याचा हिशेब करू. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर मांडायला घेतलं.

लोणारचं विवर आमच्या मामाचं घरचं उदाहरण. तिथली धार, मंदिरं, २०२०च्या जूनमध्ये अचानक गुलाबी झालेलं पाणी, सगळं त्यानं बघितलेलं. ते विवर उल्का आदळून झालं. किती वर्षांपूर्वी, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. एका पद्धतीनं वय येतं सुमारे ५२ हजार वर्षं, आर्गॉनच्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. आपण मोठा आकडा धरू. समजा, उल्का पडली त्या संध्याकाळी कुणीतरी विवराच्या काठावर बसून गेम बॉय चालू केला आणि आजपर्यंत एकदाही सेल संपू दिले नाहीत. तर आजवर त्याचे हॅश होतील साधारण १४ लाख कोटी. ऐकायला जाम भारी! आता अलीकडचं मायनिंगचं मशीन घ्या, अँटमायनर एस २१, सेकंदाला २०० टेराहॅश. हे मशीन तेवढंच काम किती वेळात करतं? सेकंदाच्या चौदाव्या भागात. पापणी लवायच्या आत.

आणि असं एक मशीन म्हणजे समुद्रातला थेंब. २०२५मध्ये जगभरच्या मशीनची एकूण ताकद सेकंदाला एक झेटाहॅशवर गेली. झेटा म्हणजे १ वर २१ शून्यं. या गर्दीत एकट्या गेम बॉयला बक्षीस लागायला सरासरी २४ वर १५ शून्यं इतकी वर्षं लागतील. विश्वाचं वय आहे १३८० कोटी वर्षं. म्हणजे सतरा लाखांहून जास्त विश्वं जन्मून म्हातारी होतील, तेव्हा कुठे ३.१२५ बिटकॉइन! तोवर बक्षीस शून्यावर आलेलं असेल ते वेगळंच, कारण एकूण बिटकॉइनच २ कोटी १० लाख ठरलेले आहेत.

गेम बॉय इतका मागे का पडतो, तेही मजेशीर आहे. हॅशची सगळी गणितं ३२ बिटांच्या आकड्यांवर चालतात आणि गेम बॉयला एका वेळी आठच बिट उचलता येतात. म्हणजे प्रत्येक बेरीज चार तुकड्यांत, हातचे सांभाळत. त्यात आकडा गोल फिरवायचा असतो, तो गेम बॉय एकेक घर करत फिरवतो. असे ६४ फेरे म्हणजे एकदाचं दळण आणि बिटकॉइनला दळण लागतं दोनदा. पाटा-वरवंट्यावर लग्नाची पुरणपोळी करायला घेण्यासारखं आहे हे.

मामानं कालनिर्णय उचलून डोळ्यांजवळ धरला. शून्यं मोजली. काही बोलला नाही.

मग मी त्याचा मोबाइल हातात घेतला. थंडगार. "मामा, दळण चालू असेल तर गिरणी तापते. हा तापलाय?" नव्हता. एरोप्लेन मोडवर टाकला. नेट बंद, सिम बंद. सोनेरी नाणं फिरतंच होतं आणि आकडा आपला वाढतच होता.

मामा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे डीपी जळेल हाये, अन् हा म्हनते मोटर चालू हाये."

मी आजवर क्रिप्टोवर जितकं वाचलंय, त्यात याहून नेमकं वाक्य नाही.

खरी खाण कुणाला परवडते?

तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात आलंच असेल की, मग आपण खरं मशीन घेऊ. घ्या, पण आधी लाइटचं बिल बघा. एस २१ खातं साडेतीन हजार वॅट, म्हणजे दिवसाला ८४ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर रोजचे ८४० रुपये. जगाची ताकद एक झेटाहॅश असेल तर दिवसाची कमाई साधारण ०.००००९ बिटकॉइन. हिशेबापुरता एका बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरा, मिळाले ७२०. दिवसाला १२० रुपये खिशातून गेले आणि मशीनची किंमत अजून धरलेलीच नाही. वर पंख्याचा आवाज असा की, सोसायटीवाले पहिल्याच रात्री दारात. शिवाय २०२२पासून आपल्याकडे अशा कमाईवर ३० टक्के टॅक्स आहे आणि मायनिंगच्या मशीनचा खर्च त्यातून वजा करता येत नाही, असं सरकारनं त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केलंय. हा धंदा जिथे वीज मातीमोल भावानं मिळते तिथल्या गोदामांचा. दोन बीएचकेचा नव्हे.

पण 'खाण आमच्याकडे, तुम्ही नुसते पैसे लावा' ही हाक आपल्याकडे नवी नाही. पुण्यातल्या पब्लिकला 'गेनबिटकॉइन' आठवत असेल. अमित भारद्वाजनं २०१५च्या सुमारास ही स्कीम काढली. तुमचे बिटकॉइन द्या, आम्ही मायनिंग करू, अठरा महिने दरमहा दहा टक्के देऊ. सुरुवातीला परतावा मिळालाही. मग २०१७मध्ये बिटकॉइनच्या जागी 'एमकॅप' नावाचं घरगुती नाणं लोकांच्या हातात टेकवलं गेलं, ज्याची किंमत बिटकॉइनच्या पासंगालाही पुरत नव्हती. २०१८मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२मध्ये खटला संपण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२५मध्ये सीबीआयनं या प्रकरणात देशभर साठाहून जास्त ठिकाणी झडती घेतली, त्यात पुण्यासोबत नांदेड आणि कोल्हापूरही होतं. त्यात अडकलेले सगळे काही अडाणी नव्हते हो. लॅपटॉपवाले, पगारवाले, आपल्यासारखेच. मामाचं ॲप म्हणजे त्याच नाटकाचा तालुका पातळीवरचा प्रयोग.

तीस टक्के आधी भरा!

मामाला मी एकच सांगितलं. साठ हजार लावायच्या आधी लावलेले दहा काढून दाखवा. स्क्रीनवर तेव्हा अठरा हजार सहाशे दिसत होते. त्यानं काढायचं बटण दाबलं. दहा मिनिटांत मेसेज हजर: सरकारी नियमानुसार तीस टक्के टॅक्स आधी भरा, सोबत यूपीआयचा नंबर, तोही कुणाच्या तरी खासगी नावाचा.

बघा हं चलाखी. तीस टक्क्यांचा नियम खराच आहे! म्हणून तर माणूस फसतो. पण तो टॅक्स तुम्ही इन्कम टॅक्स खात्याला भरता, तुमच्या रिटर्नसोबत. व्यवहाराच्या वेळी कापला जातो तो एक टक्का टीडीएस आणि तो मिळणाऱ्या रकमेतून वजा होतो. स्वतःचे पैसे मिळवायला आधी पैसे भरा, असं कुठलंही सरकार म्हणत नाही.

साठ हजार वाचले. दहाचं काय? मी म्हटलं, १९३०ला फोन करू, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त. मामा ऐकेना. "गावात कोनाले सांगू नको. लोकं हासतीन." दहा हजार गेल्यापेक्षा हसू होईल याचं त्याला जास्त. मामी आतून सगळं ऐकत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "हासू द्या. बाकीच्या दहा जनाइचे बी गेले अस्तीन नं?" फोन शेवटी मामीनंच लावला. तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. पैसे अजून आलेले नाहीत.

त्या पोट्ट्याला भेटायला मी दुसऱ्या दिवशी गेले. मनात होतं, चांगला झापायचा. प्रत्यक्षात समोर आला तो एकोणीस वर्षांचा, झोप उडालेला मुलगा. त्याचे स्वतःचे पंचवीस हजार त्यात अडकलेले, फीचे. त्याच्या वर कोण, हे त्यालाही माहीत नव्हतं, सगळा कारभार टेलिग्रामवर. "ताई, मला वाटलं खरंच मायनिंग आहे," म्हणाला. मला ते खोटं वाटलं नाही. त्यानं त्या अकरा घरी जाऊन 'आता पैसे टाकू नका' असं सांगायचं कबूल केलं, आणि गेलाही. दोन घरी शिव्या खाल्ल्या, एका घरी दार उघडलं नाही.

निघताना मी त्याला गेम बॉयचा किस्सा सांगितला. डोळे चमकले त्याचे! आठ बिटांच्या चिपवर ३२ बिटांची बेरीज कशी करायची, हातचा कुठे ठेवायचा, प्रश्नावर प्रश्न. मग मी केन शिरिफ या अमेरिकन इंजिनिअरचं सांगितलं. त्यानं २०१४मध्ये हेच दळण कागद-पेन्सिल घेऊन हातानं करून पाहिलं. एका फेऱ्याला १६ मिनिटं ४५ सेकंद लागली, म्हणजे त्या वेगानं दिवसाला ०.६७ हॅश. पुढे त्यानं चांद्रयानाच्या अपोलो कॉम्प्युटरवरही करून दाखवलं, एका हॅशला १०.३ सेकंद. म्हणजे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या मशीनपेक्षा पोरांचा गेम बॉय आठ पट फास्ट. आहे की नाही हटके? यातल्या कुणालाच पैसे मिळवायचे नव्हते. मशीनच्या पोटात काय चालतं, ते हातानं करून बघायचं होतं, बस्स.

मागच्या आठवड्यात त्याचा व्हॉट्सॲप आला. चौकटीच्या वहीची तीन पानं, एक आणि शून्यांनी गच्च भरलेली. खाली लिहिलंय: "ताई, एक फेरा पूर्ण. वेळ २ तास १० मि. चेक करा ना." मी एका एम्बेडेडवाल्या मित्राकडून चेक करून घेतलं. दुसऱ्या पानावर, चौथ्या ओळीत, हातचा एक धरायचा राहिलाय.